नव्या गाडीचे कोटेशन आणि गॅरेजचे बिल: जादा पैसे कोठे लागतात व ते कसे नाकारावेत

पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये सांगितली जाते ती 'ऑन-रोड' किंमत, आणि घासाघीसही बहुधा त्या एकाच आकड्यावर होते. त्या आकड्यात सरकारचा कर, विमा कंपनीचा हप्ता, बँकेचे शुल्क, न मागितलेल्या वस्तूंचे पैसे आणि विक्रेत्याने स्वतःहून लावलेली एखादी रक्कम हे सारे मिसळलेले असते. त्यामुळे पाच हजारांची सूट मिळाल्याच्या समाधानात दहा हजारांची जादा आकारणी नजरेतून सुटते. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रात खासगी वापरासाठी मोटार किंवा दुचाकी घेणाऱ्यांसाठी आहे. वाहन कराचे दर प्रत्येक राज्याचे वेगळे असल्याने गोव्यात किंवा अन्यत्र नोंदणी करणाऱ्यांनी ते आकडे आपल्या राज्याचे घ्यावेत. विमा, ग्राहक संरक्षण आणि छापील किमतीचे नियम मात्र देशभर सारखेच आहेत.

बुकिंगची रक्कम देण्याआधी कोटेशन सुटे करून घ्या

शोरूमच्या लेटरहेडवर, प्रत्येक रक्कम स्वतंत्र ओळीत लिहिलेले कोटेशन मागावे. विक्री प्रतिनिधीने कागदाच्या तुकड्यावर किंवा तोंडी सांगितलेला हिशेब पुढे कोणत्याही तक्रारीत उपयोगी पडत नाही. कोटेशन हाती आले की प्रत्येक ओळीबाबत एकच प्रश्न विचारावा: ही रक्कम शेवटी कोणाकडे जमा होणार आणि तिची पावती मला कोणाच्या नावाची मिळणार? ज्या ओळीचे सरळ उत्तर मिळत नाही, तिच्यावर खूण करून ठेवावी.

पहिली ओळ एक्स-शोरूम किमतीची, म्हणजे वाहन कर व विमा सोडून गाडीच्या किमतीची असते आणि तिच्यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, पेट्रोल असल्यास १,२०० सीसीपर्यंतच्या आणि डिझेल असल्यास १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारींवर १८ टक्के, त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के, तर विजेवरील मोटारींवर ५ टक्के जीएसटी आहे. ही किंमत कंपनीच्या संकेतस्थळावर आपले शहर व नेमके मॉडेल निवडून ताडून पाहावी. दोन्हींत फरक आढळला, तर पुढच्या ओळींकडे जाण्याआधी त्याचा खुलासा करून घ्यावा.

यानंतर येते 'आरटीओ' नावाची ओळ, आणि जादा रक्कम मिसळण्यासाठी ती फार सोयीची असते, कारण सरकारी नाव दिसले की ग्राहक प्रश्न विचारत नाही. उदाहरणादाखल, व्यक्तीच्या नावावर घेतलेली ८,००,००० रुपयांची पेट्रोल मोटार घेऊ. महाराष्ट्रात अशा मोटारीला दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के एकरकमी वाहन कर लागतो, म्हणजे ८८,००० रुपये. दहा ते वीस लाखांना हा दर १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५ टक्के. मोटारीचे नोंदणी शुल्क ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आणि कर्ज काढले असल्यास बँकेचा बोजा नोंदवण्याचे १,५०० रुपये. दुचाकीसाठी नोंदणीचे ३०० आणि बोजाचे ५०० रुपये. आपल्या उदाहरणातील बेरीज ९०,३०० रुपये होते. कराच्या पावतीवर उपकराची किंवा टपाल खर्चाची छोटी ओळ असू शकते, पण तीही पावतीवर छापलेली असते. कोटेशनवर मात्र 'आरटीओ व इतर' म्हणून ९८,००० रुपये लिहिले असतील, तर पावतीवर न दिसणाऱ्या फरकाचे स्पष्टीकरण विक्रेत्याने दिले पाहिजे. सरकारी भरणा 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीतूनच होतो आणि त्याची पावती निघते, म्हणून 'पावती नंतर देऊ' हे उत्तर स्वीकारू नये.

काही ओळी योग्य असूनही ग्राहकाला जादा वाटतात. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. तो शोरूमचा नफा नसून तुमच्या पॅनवर जमा होणारा आगाऊ आयकर आहे आणि विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. पॅन क्रमांक अचूक दिला आहे ना, एवढे पाहावे. फास्टॅगच्या रकमेत टॅगचे शुल्क, परत मिळणारी अनामत आणि तुमच्याच वापरासाठी भरलेली शिल्लक असते; हे तीन आकडे वेगळे लिहून घ्यावेत.

याउलट उच्च सुरक्षा क्रमांक पाटीसाठी नव्या गाडीवर वेगळी रक्कम मागितली, तर ती मान्य करू नये. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या वाहनांना ही पाटी गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच पुरवायची आहे आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीत धरलेला आहे. महाराष्ट्रात दुचाकीसाठी ४५०, तीनचाकीसाठी ५०० आणि इतर वाहनांसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी हे जे दर ऐकू येतात, ते त्या तारखेपूर्वीच्या जुन्या वाहनांचे आहेत. दुचाकी घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ नुसार विक्रीच्या वेळी मानक ब्युरोच्या निकषांत बसणारे हेल्मेट कंपनीने पुरवायचे असते. त्याचे पैसे ॲक्सेसरीजमध्ये लावलेले दिसल्यास ती ओळ काढायला सांगावी.

'हँडलिंग' नावाची ओळ

ही ओळ वेगवेगळ्या नावांनी येते: हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डेपो, फाइल चार्ज, आरटीओ सर्व्हिस. मोटार वाहन कायद्यात किंवा त्याखालील नियमांत ग्राहकाने विक्रेत्याला द्यावयाचे असे कोणतेही शुल्क नाही. हे शुल्क घेऊ नये, अशा सूचना राज्याच्या परिवहन खात्याने विक्रेत्यांना दिलेल्या आहेत, तरीही ते मागितले जाते, कारण नव्या ग्राहकाला ते आरटीओचेच शुल्क वाटते आणि मुहूर्ताला गाडी घरी न्यायची असल्याने वाद नको असतो.

विक्रेत्याचे म्हणणे साधारण असे असते की गाडी गोदामातून आणावी लागते, धुवावी-तपासावी लागते, आरटीओच्या कामाला माणूस पाठवावा लागतो. यातील पहिल्या दोन गोष्टी गाडी विकण्याच्याच कामाचा भाग आहेत. गाडी कारखान्यापासून शोरूमपर्यंत येण्याचा खर्च आणि विक्रेत्याचे कमिशन एक्स-शोरूम किमतीत समाविष्ट असते, आणि ताब्यात देण्यापूर्वीची तपासणी, जिला शोरूममध्ये 'पीडीआय' म्हणतात, ती कंपनीने विक्रेत्यावर सोपवलेली जबाबदारी असते. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर कायद्यातच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो, अधिकृत विक्रेत्याने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओसमोर उभी करावी लागत नाही, आणि नोंदणी क्रमांक लावल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नसते. जे काम कायद्याने विक्रेत्यावर टाकले आहे, त्यासाठी ग्राहकाकडून वेगळे पैसे घेण्याला आधार उरत नाही.

नकार तोंडी देऊन भागत नाही. विक्री प्रतिनिधीला ती ओळ काढण्याचा अधिकार सहसा नसतो, म्हणून विक्री व्यवस्थापकाला ई-मेल पाठवावा आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला द्यावी. मजकूर इतकाच पुरे: 'आपल्या अमुक तारखेच्या कोटेशनमधील हँडलिंग या ओळीखालील रक्कम कोणत्या नियमानुसार आकारली आहे, हे कृपया लेखी कळवावे, अन्यथा ती वगळून सुधारित कोटेशन द्यावे.' माझ्या मते या संपूर्ण खरेदीत सर्वांत जास्त पैसे वाचवणारे वाक्य हेच आहे, कारण अशा रकमेचे लेखी समर्थन करणे विक्रेत्याला अवघड असते. विक्रेता अडूनच बसला तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या शोरूमचे कोटेशन घ्यावे. बुकिंगचे पैसे अडकलेले नसतील तरच हे सहज जमते, आणि म्हणून कोटेशन आधी, बुकिंग नंतर हा क्रम पाळावा. बुकिंग फॉर्मवर रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल आणि ताबा मिळण्यापूर्वी किंमत वाढल्यास ती कोणी सोसायची, ही दोन कलमे सहीपूर्वी वाचावीत.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का

नाही. विमा सक्तीचा आहे, पण तो कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क गाडीमालकाचा आहे. विमा नियामक प्राधिकरणाने विक्रेत्यांमार्फत होणाऱ्या विमा विक्रीसाठी १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शोरूमला आपल्याचकडून विमा घेण्याची सक्ती करता येत नाही.

तुलना करताना विम्याचे तीन भाग वेगळे पाहावेत. पहिला भाग तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा. तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकार ठरवते, त्यामुळे तो सर्व कंपन्यांत सारखाच असतो; जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला तीन वर्षांसाठी ६,५२१ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला १०,६४० रुपये आणि त्यापुढे २४,५९६ रुपये, अधिक जीएसटी. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो एका वर्षाचा घेतला तरी चालतो आणि सगळी तफावत याच भागात व त्यावरील ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा हप्ता देऊन घेतलेल्या वाढीव संरक्षणात असते. तिसरा भाग मालक-चालकाच्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याचा; तेवढ्या रकमेचा विमा तुमच्याकडे आधीच असेल, तर तसे जाहीर करून ही रक्कम वगळता येते, हे शोरूममध्ये क्वचितच सांगितले जाते.

बाहेरचे कोटेशन मागवताना गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, आणि ॲड-ऑन दोन्हीकडे सारखे ठेवावेत. नव्या गाडीची आयडीव्ही साधारणपणे एक्स-शोरूम किमतीतून ५ टक्के वजा करून येते. आयडीव्ही कमी दाखवून स्वस्त केलेला हप्ता हा स्वस्त नसतो. पॉलिसी बाहेरून घ्यायची असल्यास इंजिन व चासी क्रमांक शोरूमकडून लेखी मागून घ्यावेत. 'विमा बाहेरचा असेल तर सूट नाही', असे उत्तर आल्यास दोन्ही मार्गांनी एकूण खर्च काढावा. सूट खरोखरच विम्यातील फरकापेक्षा मोठी असेल, तर शोरूमचा विमा घेण्यात गैर काही नाही. पण 'विमा बाहेरचा असेल तर गाडीच देणार नाही', असे सांगितले गेले, तर ती सक्ती आहे आणि तिची तक्रार विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर करता येते.

ॲक्सेसरीजचेही असेच आहे. मॅट, सीट कव्हर, अंडरबॉडी कोटिंग, पेंट प्रोटेक्शन यांचे 'किट' घेतल्याशिवाय गाडी लवकर मिळणार नाही, असे सांगणे म्हणजे एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घ्यायला लावणे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अशा अटीला निर्बंधक व्यापारी प्रथा मानतो. वाढीव वॉरंटी घ्यायचीच असली तरी ती त्याच दिवशी घेण्याची गरज नसते. पहिली वॉरंटी संपण्याआधी कधीपर्यंत घेता येईल आणि तेव्हा दर काय असेल, हे विचारून ठेवावे. कर्जाबाबत, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना बँकेने सर्व शुल्कांसह 'मुख्य तथ्य विवरण' देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. शोरूमने सांगितलेले 'लोन फाइल चार्ज' त्या विवरणात नसेल, तर ते बँकेचे नव्हे.

जुनी गाडी विक्रेत्याकडून घेताना दोनच गोष्टी तपासाव्यात. जीएसटी विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. आणि नाव बदलण्याचे सरकारी शुल्क नोंदणी शुल्काच्या निम्मे, म्हणजे मोटारीला ३०० रुपये असते. त्यापुढची रक्कम एजंटची मजुरी आहे, आणि ती द्यायची की काम स्वतः करायचे हे तुम्ही ठरवायचे आहे.

सर्व्हिसिंग आणि दुरुस्तीचे बिल

गाडी वर्कशॉपमध्ये देताना जॉब कार्डवर सही घेतली जाते. त्या कार्डावर तुमच्या तक्रारी, कामांची यादी, अंदाजित खर्च आणि किलोमीटरची नोंद असल्याशिवाय सही करू नये आणि कार्डाची प्रत मागून घ्यावी. कार्डावर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहावी: 'अंदाजापेक्षा जास्त खर्चाचे काम लेखी संमतीशिवाय करू नये.' नंतर फोन आला, तर संमती संदेशाने द्यावी, तोंडी नव्हे. इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, कोटिंग अशी कामे यादीत घातलेली दिसल्यास गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलमधील देखभालीचा तक्ता उघडावा. तेथे त्या किलोमीटरला ते काम सांगितलेले नसेल, तर ते ऐच्छिक आहे. 'मोफत सर्व्हिसिंग' म्हणजे सहसा मजुरी मोफत, तेल व फिल्टरचे पैसे पडतात, हेही आधीच समजून घ्यावे.

बिलातील सर्वांत सहज पकडता येणारी चूक छापील किमतीची आहे. पाकिटावरील कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते, आणि वेष्टित वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार त्याहून जास्त दराने विक्री करता येत नाही. समजा, फिल्टरच्या पाकिटावर ५९० रुपये छापलेले आहेत. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून योग्य बिलात भागाची मूळ किंमत ५०० रुपये, केंद्राचा जीएसटी ४५ आणि राज्याचा ४५, अशी ५९० रुपयांची नोंद दिसेल. चुकीच्या बिलात मात्र ५९० ही मूळ किंमत धरून तिच्यावर पुन्हा १०६.२० रुपये कर लावलेला असतो आणि ग्राहक ६९६.२० रुपये भरतो. कर सरकारचा आहे, असे वाटून कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात तो कर ५९० मध्ये आधीच होता. यासाठी बदललेल्या भागांची रिकामी पाकिटे आणि जुने भाग दोन्ही परत मागावेत, आणि ही मागणी जॉब कार्डवरच नोंदवावी. मजुरीवर मात्र १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो आणि तो वैध आहे. इंजिन ऑइल पिंपातून घातले असेल, तर बिलातील लिटर मॅन्युअलमधील क्षमतेशी जुळवावेत. 'कन्झ्युमेबल्स' किंवा 'किरकोळ साहित्य' अशी ठोक रक्कम दिसली, तर नेमके कोणते साहित्य किती वापरले, याची फोड मागावी.

बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले तर वॉरंटी जाईल, ही भीती घालून अधिकृत वर्कशॉपचे दर गळी उतरवले जातात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग खुल्या बाजारात न मिळू देण्याबद्दल एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही निर्देश दिले होते. हे प्रकरण पुढे अपिलात गेले, म्हणून वॉरंटीच्या काळात मोठे काम बाहेर करण्यापूर्वी वॉरंटी पुस्तिकेतील अटी वाचणे शहाणपणाचे ठरेल. वायपर, बॅटरी, टायर अशा कामांसाठी मात्र घाबरण्याचे कारण नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळावर वाहन कंपन्यांची देखभालविषयक माहिती मिळते.

अपघातानंतर गाडीची दुरुस्ती विम्यातून होत असतानाही काही रक्कम खिशातून जाते. प्लास्टिक व रबरच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेल्या किमतीची कपात, आणि १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये अशी सक्तीची वजावट असते. शून्य घसारा ॲड-ऑन घेतलेले असेल तर पहिली कपात लागू नसते. याशिवाय वर्कशॉप 'क्लेम प्रोसेसिंग' किंवा 'फाइल' म्हणून काही मागत असेल, तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या अहवालात ते आहे का, हे विचारावे.

वाद झाल्यास

बिलावर वाद झाला म्हणून गाडी घेऊन निघून जाता येत नाही, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार श्रम व कौशल्य खर्च केलेल्या कारागिराला मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क आहे. अशा वेळी भांडण न वाढवता, बिलाच्या दोन्ही प्रतींवर 'अमुक रकमेवर हरकत नोंदवून भरणा केला', असे लिहून, ऑनलाइन पैसे भरून गाडी ताब्यात घ्यावी. बिलच न देणे ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणून पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

त्यानंतर लेखी तक्रार आधी विक्रेत्याला व कंपनीला, आणि उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. नोंदणी किंवा हँडलिंगबाबतची तक्रार आरटीओकडेही द्यावी, कारण विक्रेत्याचे व्यवसाय प्रमाणपत्र तेच कार्यालय देते; छापील किमतीची तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे जाते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मसुद्याला मदत करतात. एवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे: ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे तेथे चालतात, अर्ज तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो, वकील सक्तीचा नाही, आणि भरलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये आहे. अर्ज 'ई-जागृती' संकेतस्थळावरून दाखल होतो आणि तो घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. सोबत कोटेशन, अंतिम बिल, 'वाहन'ची पावती, ई-मेल आणि जॉब कार्डाची प्रत जोडावी.

नोटीस गेल्यावर शोरूमकडून बऱ्याचदा रक्कम परत करण्याचा फोन येतो आणि त्यासोबत 'पूर्ण व अंतिम तडजोड' असे लिहिलेला कागद सहीसाठी पुढे केला जातो. संपूर्ण रक्कम मिळत असेल तर सही करावी; अर्धवट मिळत असेल तर कागदावर 'उर्वरित मागणी कायम ठेवून' असे लिहून मगच सही करावी, आणि ते लिहू दिले नाही तर रक्कम घेऊ नये.